घशातला ठोका

उद्या सकाळी साडेसातला माझ्या मुलाचे टॉन्सिल काढणार आहेत. छत्तिसाव्या वर्षी टॉन्सिल काढणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं आज दिवसभरात मला पाच जणांनी सांगितलं. त्यातला एक तो स्वतः. मी पाचही वेळा मान डोलावली. पण बत्तीस वर्षांपूर्वीचं एक दृश्य डोळ्यांपुढून हटत नाही.

तो चार वर्षांचा होता. तीन दिवस ताप, घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मी त्याला मांडीवर आडवा घेतला आणि चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली. टॉर्च त्याच्या वडिलांनी धरला होता, तोंड भिंतीकडे करून. त्यांना कुणाच्या उघड्या तोंडात बघवत नाही. घशाच्या मागच्या भिंतीवर, उजव्या बाजूला, काहीतरी उडत होतं. पातळ कातडीखाली कुणी आतून बोटाने हलकेच टकटक करावी तसं. मी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. नाडी आणि ते, दोन्ही एका तालात चालली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पोराला खुर्चीत ताठ बसवलं, घशात पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जिवंत माणसाच्या घशात ठोके नसतील तर काय भिंतीत असतील?" बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसले. मीही हसले. ताप उतरला, पोरगा खेळायला लागला, आणि ती गोष्ट घरात माझ्या नावावर जमा झाली: आईला ठोके दिसतात.

मला एकच मुलगा. त्याला बहीण नाही, तरी दरवर्षी त्याला दोनशे नवी भाचरं होतात. तो वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात तंत्रज्ञ आहे, आणि डिसेक्शन हॉलमध्ये काम करणाऱ्या माणसाला मुलं पहिल्या दिवसापासून मामा म्हणतात. बावीस वर्षांचा असताना, अठरा वर्षांच्या मुलींनी पहिल्यांदा "मामा, चिमटा द्या ना" म्हटलं, तेव्हा घरी येऊन तो आरशात किती वेळ आपले केस बघत होता.

त्याने डॉक्टर व्हावं ही माझी इच्छा. मार्क कमी पडले. किती कमी पडले ते मी अजूनही दशांशासकट सांगू शकते. त्याला आठवत नसेल. त्याने प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम केला आणि ही नोकरी धरली. बारा स्टीलची टेबलं, बारा लाकडी ठोकळे, भिंतीला मोठे पंखे. सकाळी सातला जाऊन तो आधी सगळ्या खिडक्या उघडतो, मग पंखे लावतो, मग एकेका टेबलावरचं कापड काढतो आणि प्रत्येकाच्या मानेखाली ठोकळा बरोबर बसला आहे ना ते बघतो. मान सरळ, हनुवटी वर. ठोकळे त्याने स्वतः घासून गुळगुळीत केले आहेत. तिथे जे झोपलेले असतात त्यांना तो बॉडी म्हणत नाही. आजोबा म्हणतो, आजी म्हणतो. "आज चार नंबरच्या आजोबांनी कमाल केली," असं जेवताना सुरू झालं की मी ताटावरचा हात थांबवून ऐकायची. आधी किळस यायची म्हणून. नंतर नंतर, गोष्ट चुकू नये म्हणून.

पण ते पुढचं. पहिल्या महिन्यात मला ते सोसेना. त्याच्या शर्टाला एक वास यायचा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि दोनदा धुतला तरी तो जायचा नाही. तो रात्री झोपेत दचकतो असं मला वाटायचं. मी फोन करणाऱ्या आयांपैकी आहे, हे इथेच कबूल करते. शाळेत त्याला खिडकीजवळ बसवू नका म्हणून बाईंना फोन, स्वेटर काढू देऊ नका म्हणून खेळाच्या सरांना फोन, सहलीला गेला तेव्हा बस कुठवर पोचली म्हणून थेट ड्रायव्हरला फोन. तसाच एक त्याच्या विभागप्रमुखांना केला. "त्याला जरा दुसरं काही काम देता येईल का? ग्रंथालयात वगैरे? तो लहानपणापासून हळवा आहे."

प्रमुख भले गृहस्थ. त्यांनी दुपारच्या चहाला सहज सांगितलं. झालं! वर्षभर विभागातल्या शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे त्याला विचारायचे, "काय रे, आज खिडक्या उघडायच्या ना? आईला विचारलंस का?" "हातमोजे घालू का रे मी? जरा घरी फोन लावून बघ."

फोनचं त्याला कळलं त्या संध्याकाळी तो ओरडला नाही. हातपाय धुतले, माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, मला एक शब्द दे. माझ्यासाठी तू पुन्हा कधीही कोणाला फोन करायचा नाहीस."

"अरे, मी फक्त..."

"मी मेलो तरी नाही."

"असं अभद्र बोलू नकोस!"

"बरं, जगलो तरी नाही."

मी शब्द दिला. चौदा वर्षं पाळला. त्याला कावीळ झाली तेव्हा, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, त्याची बढती दुसऱ्याला गेली तेव्हा, प्रत्येक वेळी बोटं शिवशिवली आणि मी फोनवर रुमाल टाकून ठेवला.

मघाशी उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. बंद होता. संध्याकाळपासून तो पेटवलेलाच नाही.

मानेचं वेड त्याला कधी लागलं ते नक्की सांगता येणार नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्याच्या बोलण्यात दुसरं काही नसायचं. आमच्या शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी म्हणायचे, एवढंच मला ठाऊक. तो स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवून दाखवायचा: ही मोठी वर येते, जबड्याखाली तिला दोन फाटे फुटतात, एक आतून मेंदूकडे, एक बाहेरून चेहऱ्याकडे.

"असं पुस्तकात," तो म्हणायचा. "पण पुस्तकातली मान कोणाचीच नसते, आई. दहा जणांची मिळून काढलेली असते. एखाद्याचा फाटा खालीच फुटतो, एखाद्याचा पार वर. कोणाची जिभेची आणि चेहऱ्याची वाहिनी वेगवेगळ्या निघतात, कोणाच्या एकाच देठावर. आणि कोणाकोणात तर श्वासनळीच्या समोरून एक जास्तीची बारीक वाहिनी वर चढलेली असते. तिच्याबद्दल पुस्तकात अर्धी ओळ. तीसुद्धा तळटीपेत."

"आणि त्या माणसांना काही त्रास?"

"काही नाही. सत्तर-ऐंशी वर्षं जगली. त्यांना पत्ताच नव्हता."

"मग बिघडलं कुठे?"

"बिघडत नाहीच. कोणी न बघता सुरी लावेपर्यंत."

त्याचे वडील मधेच म्हणाले, "माझ्या मानेत काय आहे रे?"

"बाबा, तुमचं आत्ता नाही सांगता येणार. त्याला जरा थांबावं लागेल."

बाप-लेक इतके हसले की ह्यांना ठसका लागला. मी उठून आत गेले. अशा विनोदांना मी हसत नाही. पण पाणी आणून दिलं.

लाल दोऱ्याची पद्धत त्याचीच. वर्ग सुरू व्हायच्या आधी तो प्रत्येक मान स्वतः बघून ठेवतो आणि जिथे पुस्तकापेक्षा काही वेगळं असेल तिथे लाल दोऱ्याची सैल गाठ बांधतो. दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला. रीळ संपलं की न विचारता दुसरं नेतो. मुलांना पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट सांगतो: लाल दोरा दिसला की हात थांबवायचा, डोकं खाली घालायचं आणि बघायचं.

एका वर्षी एका मुलीचा हात थांबला नाही. हुशार, भराभर काम करणारी, टेबलावर सगळ्यांच्या पुढे. जिभेची आणि चेहऱ्याची वाहिनी एकाच देठावर असलेली मान तिच्या वाट्याला आली होती. तिने दोरा काढून बाजूला ठेवला, तो देठ जास्तीचा समजून कात्रीने कापला आणि मान अगदी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ करून टाकली.

हा तिथे जाऊन उभा राहिला. "काय केलंत हे?"

"मामा, ते पुस्तकात नाहीये."

"पुस्तकात तुमचं नाव आहे का?"

"नाही..."

"मग तुम्हालाही कापायचं का?"

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारी स्टूल ठेवून तिला बसवलं, कापलेली टोकं तिच्याकडूनच टाके घालून जोडून घेतली आणि तिला त्या मानेचं चित्र काढायला लावलं. चार तास. घरी त्याने तिचं नाव कातरवाली ठेवलं. आमच्याकडे आजही ती कातरवालीच.

ती पुढे कान-नाक-घशाची सर्जन झाली. तिचा एकदा जेवणाच्या वेळी फोन आला. आवाज इतका मोठा की मला माझ्या खुर्चीत ऐकू येत होता. "मामा, आज एका पेशंटच्या श्वासनळीसमोर ती निघाली! तळटीपवाली! मी कापायच्या बेतात होते आणि मला लाल दोरा दिसला हो, अक्षरशः दिसला. हात आपोआप थांबला." त्या दिवशी त्याने तीच गोष्ट आम्हाला तीनदा सांगितली, जणू आम्ही तिथे नव्हतोच. दशांशाने हुकलेल्या मार्कांचं दुःख माझ्या मनातून त्या जेवणात थोडं उतरलं. अगदी थोडंच, पण उतरलं.

आता ते ठोक्याचं.

तीन वर्षांपूर्वी तो घरी आला तो चपला न काढताच बोलायला लागला. नऊ नंबरच्या आजींच्या मानेत, मेंदूकडे जाणारी वाहिनी सरळ वर न जाता वळसा घेऊन आत शिरली होती, घशाच्या अगदी मागे. "आई, तोंड उघडून बोट घातलं तर बोटाला लागेल इतकी जवळ! त्यांचे जिवंतपणी कोणी टॉन्सिल काढले असते ना, तर टेबलावरच संपल्या असत्या."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. "उजव्या बाजूला?" मी विचारलं.

"उजव्या. का गं?"

मी सांगितलं. चमचा, टॉर्च, मनगटावरचं बोट, सगळं. त्याने ऐकून घेतलं, हे त्याचं चांगलं आहे. मग बेसिनच्या आरशापुढे ताठ उभा राहिला, मोबाईलचा दिवा तोंडात धरला, आ केला आणि बराच वेळ बघितलं. मी मागे उभी.

"स्वच्छ आहे, आई. काही हलत नाही."

"नीट बघितलंस?"

"मी रोज दुसरं काय करतो?"

ह्यांनी बाहेरून विचारलं, "सापडला का गं तुझा ठोका?" आणि विषय पुन्हा एकदा हसण्यावारी गेला. मलाही वाटलं, असेल, तापात पोराची नाडी जोरात चालते, मी घाबरलेली होते, पाहिलं असेल काहीतरी. तीन वर्षं मी तसंच वाटू दिलं.

या वर्षी त्याच्या घशात दोनदा पू झाला. उजव्या बाजूलाच. त्याच्या मते हॉलमधल्या फॉर्मॅलिनच्या वाफा, माझ्या मते वेळेवर न जेवणं. कातरवालीने तपासून सांगितलं, काढूनच टाकू. ती काढणार म्हटल्यावर याचा आनंद काय विचारता! जसा काही पोरीचा पहिला नंबर आला. आजोबांना, आजींना आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगून झालं असेल.

आज दुपारी त्याला दाखल केलं. ती स्वतः खोलीत आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले, हात मात्र शांत. तिने त्याला पलंगाच्या कडेला ताठ बसवून घशात दिवा टाकला.

"उजवा भलताच सुजलाय, मामा. मागची भिंत दिसतच नाही नीट."

"काढल्यावर दिसेल," तो म्हणाला. दोघं हसले.

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, भुवईसुद्धा वर केली नाही, पण चौदा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्या नजरेत होती. मी तोंड मिटलं.

"काकू, तुम्हाला काही विचारायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

जाताना तिने एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून माझ्या हातात दिला. "काही वाटलं तर फोन करा. कधीही म्हणजे कधीही."

"आईला असं सांगू नका, मॅडम," हा म्हणाला. "ती खरंच करते."

मग त्याने घड्याळ, मोबाईल आणि बॅग वडिलांच्या हवाली केली आणि आम्हाला घरी पिटाळलं. पहिला नंबर त्याचाच आहे, साडेसहालाच आत नेतील, तुम्ही आठपर्यंत या, म्हणाला. घरी आल्यावर ह्यांनी दिवा मालवताना सांगितलं, "झोप आता. तुझी काळजी कुठे पळून जात नाही. सकाळी आहे तिथेच सापडेल."

मला झोप आली नाही. त्याची बॅग टेबलावर होती. टॉवेल परत आलाय का ते बघते असं स्वतःला सांगून मी ती उघडली. टॉवेलाखाली त्याची लांबट वही होती. चौदा वर्षांची. प्रत्येक पानावर एक मान, टेबलाचा नंबर, बाजू, आणि लाल पेन्सिलीने काढलेली वाहिनी. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी नऊ नंबरच्या आजी शोधल्या.

चित्रं दोन होती. एकाच मानेची दोन. खाली त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं मी इथे जसंच्या तसं उतरवते आहे:

"मान ठोकळ्यावर सरळ असताना वाहिनी बाजूला, घशापासून लांब. काही वेगळं वाटलं नाही. दोरा बांधला नव्हता. दुपारी मुलांनी उजव्या बाजूच्या कामासाठी मान हलवली, डावीकडे वळली, तेव्हा वळसा आत सरकून घशाच्या मागच्या भिंतीला टेकला. चूक माझी. मान सरळ ठेवून बघणाऱ्याला ही कधीच दिसणार नाही."

शेवटच्या ओळीखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या.

मी ते पान तीनदा वाचलं. आणि मग मला बेसिनसमोर ताठ उभा असलेला तो दिसला. मान सरळ, हनुवटी वर. रोज सकाळी बारा माना ज्या ठेवणीत ठेवतो, त्याच ठेवणीत त्याने आपलीही ठेवली होती. स्वतःच्या हाताने दोन रेघा मारून ठेवलेली गोष्ट, स्वतःच्या गळ्यापाशी आल्यावर त्याच्या ध्यानातच आली नाही. ताठ बसवून बघणारे ते डॉक्टर. आज ताठ बसवून बघणारी ती. त्याचा घसा मान वळलेली असताना बघितलेलं जगात एकच माणूस आहे.

की वळलेली नव्हती? मांडीवर आडवा होता हे नक्की. पण मान कुठे होती? मी खाली बसले, उशी मांडीवर घेतली, उजव्या हातावर त्याचं डोकं असेल असं धरलं, डाव्या हातात चमचा धरून पाहिला. नाही, चमचा डाव्या हाताने मी धरणार नाही. की धरला होता? बत्तीस वर्षं. उशी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. दिवा लागलेला बघून हे उठून आले आणि दारात उभे राहिले.

"काय चाललंय?"

"टॉर्च धरला होतात ना तुम्ही? तो चार वर्षांचा असताना, तापात?"

"धरला होता."

"त्याचं तोंड कुठे होतं?"

"मी बघत नव्हतो, तुला ठाऊक आहे."

"पण काहीतरी आठवत असेल!"

त्यांनी डोळे चोळले. मला वाटलं आता एखादा विनोद येणार. "तुझ्याकडे होतं," ते म्हणाले. "तुझ्या पोटात तोंड खुपसत होता तो. पदराला धरून बसला होता. एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने मी त्याचे पाय दाबले होते, आणि तू ओरडत होतीस, डाव्या हाताने जमत नाही, डाव्या हाताने जमत नाही."

उशी माझ्या मांडीवरच होती. डोकं उजव्या हातावर, तोंड माझ्याकडे. डावा कान हातावर. मान डावीकडे.

मी त्यांना वही दिली. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि माझ्या शेजारी जमिनीवरच बसले.

"त्याचा मोबाईल?" ते म्हणाले.

"इथे आहे. तुमच्याच पिशवीत."

"वॉर्डात फोन करून बघ."

"काय सांगू? आईला ठोका दिसला होता? सिस्टर हो म्हणतील आणि ठेवून देतील. आणि सहाला जाऊन उभी राहिले तर त्याच्यासमोर बोलावं लागेल. तो म्हणेल, आई, पुरे. आणि मी पुन्हा काही नाही म्हणेन."

"शब्द दिलायस त्याला," ते एवढंच म्हणाले. अडवण्यासाठी नाही. मला ठाऊक आहे का, ते विचारण्यासाठी.

ठाऊक आहे. हेही ठाऊक आहे की कदाचित काही नसेल. उद्या ती तपासणी लावेल, ऑपरेशन दोन दिवस पुढे जाईल, वाहिनी पुस्तकातल्यासारखी सरळ निघेल, आणि पुढची चौदा वर्षं शिपाई त्याला विचारतील, "घसा दुखतोय का रे? आईला विचारलंस का?" तो माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. कातरवालीशी दोन दिवस बोलला नव्हता, तिसऱ्या दिवशी त्यानेच स्टूल ठेवलं होतं.

फोनवर मी वाहवत जाते, म्हणून काय बोलायचं ते आधी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं आहे. ताप नाही, चमचा नाही, टॉर्च नाही, ते हसणारे डॉक्टर नाहीत. तिला कळेल तेवढंच: "मी मामांची आई. त्यांच्या उजव्या टॉन्सिलच्या मागे लाल दोरा आहे. मान डावीकडे वळवून बघ, आणि त्याशिवाय हात लावू नकोस."

चार वाजायला दहा मिनिटं आहेत. हे माझ्याकडे बघत आहेत, आणि त्यांनी फोनवरचा रुमाल काढून घडी करून ठेवला आहे. कधीही म्हणजे कधीही, असं ती म्हणाली होती. लावते.